जामचं पाणी आणि माझी सही

नोकरी काय, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "नदीवर आहे." पांढुर्ण्याच्या बाजारात याचा अर्थ रेतीच्या ठेक्यावर, असा घेतला जायचा. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामानं सरळ विचारलं होतं, "नाव चालवता का जी?" मी म्हटलं, पाणी मोजतो. मामा हसला. "विहिरीचं मोजता येते, टाकीचं मोजता येते. वाहतं पाणी कसं मोजता बाप्पा?"

मामांना दिलेलं उत्तर इथंही आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

नदीच्या काठाशी एक खांब रोवलेला असतो. त्यावर लाल-पांढरे आकडे. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी कोणत्या आकड्याला टेकलं ते वाचून रजिस्टरमध्ये लिहायचं. पण पाण्याची उंची कळली म्हणजे पाणी किती वाहून गेलं ते कळत नाही. त्यासाठी नदीवर आडवा दोर बांधून, ठरावीक अंतरावर खोली घ्यायची आणि तिथं मीटर बुडवायचं. मीटर म्हणजे छोट्या वाट्यांचं एक चाक. पाण्यानं ते फिरतं आणि कानाला लावलेल्या यंत्रात टक, टक असा आवाज येतो. हातात घड्याळ धरून टक टक मोजायची. वेग, खोली, रुंदी, यांचा गुणाकार म्हणजे नदी. मला या गुणाकाराचा फार अभिमान होता. ढग काय करतील ते कुणाला सांगता यायचं नाही, पण काल जाम नदीतून किती पाणी गेलं हे त्या मुलखात मी एकटा सांगू शकत होतो.

आमची साईट पांढुर्ण्याच्या खाली, सौंसरच्या अलीकडे. बसमधून फाट्यावर उतरून संत्र्याच्या बागांमधून पायी जावं लागायचं. टिनाची खोली, एक वायरलेस, पावसाचं माप आणि ऊन किती पाणी पितं ते बघायचं एक पसरट भांडं. त्या भांड्यातलं पाणी उन्हापेक्षा शेळ्याच जास्त प्यायच्या. जाम पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. खूप खाली, नदी जिथं सपाटीला लागते तिथं एक मोठं धरण बांधायचं घाटत होतं. त्या धरणात किती पाणी येईल याचा हिशेब आमच्यासारख्या साईटींच्या आकड्यांवरून व्हायचा होता. धरणाचं आणि खात्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

माझ्यासोबत शालिकराम नावाचा खलाशी होता. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, काठच्याच गावचा. दोर बांधणं, मीटर बुडवणं, खांब धुणं ही त्याची कामं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखायचा. कितीतरी वर्षं काम करूनही तो हंगामीच होता; कायम अजून मीही झालो नव्हतो. दर पावसाळ्याआधी त्याला नव्यानं घेतलं जायचं. मी त्याला शालिकभाऊ म्हणायचो, तो मला बाबूजी.

साईटवर माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. एकाची म्हैस पुरात गेली, तर अमुक दिवशी अमुक वाजता पाणी म्हैस वाहून जाण्याइतकं होतं असा दाखला त्याला माझ्याकडून हवा होता. मी म्हटलं, पाण्याचा आकडा देतो, म्हशीचं मला माहीत नाही. तो रागावून गेला. एका पावसाळ्यानंतर गावातल्या बाया येऊन खांबाला हळदीकुंकू लावून गेल्या. नदी खांबाच्या वर चढली नाही, म्हणजे खांबानंच तिला अडवली, असा त्यांचा हिशेब. नेमका त्याच आठवड्यात तपासणी आली. साहेब म्हणाले, आकडे का दिसत नाहीत? शालिकराम शांतपणे म्हणाला, "देवाच्या अंगावर कोणी आकडे पाह्यते का साहेब?"

हे हसण्याचं झालं. आता दुसरं सांगतो.

ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांतलं एक वर्ष. पाऊस उशिरा आला आणि आला तो असा की माप दिवसातून तीनदा रिकामं करावं लागलं. वर सातपुड्यात दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तासातासाला आकडा वाचून वायरलेसवर सांगत होतो. दुपार होता होता खांबाचा शेवटचा आकडा बुडाला. मग आम्ही काठावर खुंट्या ठोकत मागे मागे सरकलो, एकेका खुंटीजवळ वेळ लिहीत. मीटर त्या पाण्यात टाकणं शक्यच नव्हतं, म्हणून लाकडाचे तुकडे फेकून ते किती वेळात खाली जातात ते मोजत होतो. कुडाची अख्खी भिंत वाहत आली, मागून संत्र्याची झाडं, हिरवी फळं लागलेली. मी घड्याळात बघत होतो आणि पायाखालचा काठ खचला. मला कळलंच नाही. कळलं तेव्हा शालिकरामनं माझी कॉलर धरलेली होती आणि माझे पाय हवेत होते. मला वर ओढून तो एवढंच म्हणाला, "घड्याळ हाये ना?" घड्याळ हातात होतं.

पूर ओसरल्यावर बघितलं तर खांब गेला होता. नवा खांब बसवताना काटेकोर राहावं लागतं. काठावरच्या खडकात एक खूण कोरलेली असते, तिच्यावरून उंची घेऊन खांबाचा शून्य पूर्वीच्याच जागी आणायचा. खांब चार बोटं वर बसला तर पुढचे सगळे आकडे चार बोटं कमी येणार. शालिकराम पट्टी धरून कंबरभर पाण्यात उभा होता, मी काठावरून दुर्बिणीतून वाचत होतो. दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा मी कंटाळलो होतो, पण तोच म्हणाला, "घ्या बाबूजी आणखी एक डाव. पुन्हा पुन्हा थोडंच बसवून राहिलो आपण." खांब शून्यावर बसला. याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

त्या पुराचे आकडे वर गेले. शाबासकीचं पत्र आलं.

आणि मग नदी वाहीनाशी झाली.

पाऊस पडत नव्हता असं नाही. माझ्या मापात वर्षाचा पाऊस बेरजेला बरा दिसायचा. पण तो कसा पडायचा? चार दिवस कोसळायचा, मग तीन-तीन आठवडे कडक ऊन. चार दिवसांचं पाणी गढूळ होऊन धावत निघून जायचं, जमिनीला पिऊ द्यायचंच नाही. पूर्वी होळीपर्यंत खडकांमधून खळखळ ऐकू यायची, ती आता संक्रांतीलाच थांबायला लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधोमध नदीत गोटमार होते; पात्रात झेंडा लावलेलं झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड चालतात. मी लहान असताना झेंडा काढायला जाणारे मांडीभर पाण्यातून जायचे. त्या वर्षांत नुसते तळवे ओले करून जाताना मी बघितले. ऐन भादव्याच्या तोंडावर. उन्हाळा फाल्गुनातच सुरू व्हायचा आणि त्या पसरट भांड्यातलं पाणी, मी वरून जाळी बसवली तरी, पूर्वीपेक्षा लवकर आटायचं.

शालिकराम मीटर हातात घेऊन उभा राहायचा आणि चाक फिरायचंच नाही. "दम नाही राहिला बाबूजी नदीले," तो म्हणायचा. "लिहा शून्य."

आज याला नाव आहे, टीव्हीवर रोज ऐकतो. तेव्हा हवामान बदलतंय असं आमच्याकडे कुणी म्हणत नव्हतं, मीही म्हणत नव्हतो. आणि सगळं हवेच्या माथी मारणंही खरं नाही. बागांसाठी विहिरी खोल गेल्या होत्या, वरचं जंगल विरळ झालं होतं. पण मी कारण शोधायला नव्हतोच. मी मोजायला होतो, आणि माप सांगत होतं की पूर मोठे झालेत आणि बाकीची नदी मरून राहिली आहे. धरणाला दोन्ही गोष्टी ठाऊक असायला हव्यात. मी जुनी-नवी रजिस्टरं समोर ठेवून आलेख काढला, चार पानांचं टिपण लिहिलं आणि वर पाठवलं. वाटलं, आता आपली कदर होईल.

टिपणाचं उत्तर म्हणून दुबे साहेब आले. धरणाच्या पाण्याचा हिशेब त्यांच्याकडे होता. माणूस वाईट नव्हता. हुशार होता आणि थकलेला होता. आल्या आल्या म्हणाले, "मोजमाप मी स्वतः करणार." पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले, यंत्र कानाला लावलं. दोन तास ऊन डोक्यावर घेत त्यांनी आख्खी नदी मोजली. शालिकराम दोर धरून होता. मग खोलीत बसून गुणाकार केला. त्यांचा आकडा आणि त्या सकाळचा माझा आकडा यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मला वाटलं, संपलं. आपण खरे ठरलो.

दुबे साहेबांनी चष्मा पुसला. "देखो भाई, नदी है। दो-तीन साल नीचे, फिर ऊपर। इसको पकड़ के बैठेंगे तो बाँध कभी नहीं बनेगा।"

मी म्हटलं, "साहेब, पुराचं वर्षही काढून टाका मग. तेही रोजचं नाही."

"बाढ़ का तो तुम्हारा प्रशंसा-पत्र गया है," ते म्हणाले. "वह साल पक्का है।"

मग त्यांनी बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. त्यात लिहिलं होतं की पुरानंतर खांब पुन्हा बसवताना तो सुमारे चार बोटं वर बसला, ही चूक साईटवरच्या माणसाच्या लक्षात उशिरा आली, म्हणून त्यानंतरचे आकडे ग्राह्य धरू नयेत. खाली माझं नाव, सहीची जागा. त्याखाली साक्षीदार म्हणून शालिकराम, अंगठ्याची जागा. चुकीबद्दल कारवाई होणार नाही, असं ते तोंडी म्हणाले. जाता जाता आणखी एक बोलले. त्या वर्षी काही जणांना कायम करण्याची यादी निघणार होती. माझं नाव त्यात होतं. शालिकरामचंही होतं.

कागद दोन दिवस माझ्याकडे ठेवून ते सौंसरला मुक्कामाला गेले.

मी शालिकरामला कागद वाचून दाखवला. सगळा, यादीसकट. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खांब वर बसला होता का?"

"नाही."

"मंग कायले लिहून राहिले तसं?"

मी म्हटलं, "शालिकभाऊ, तुम्ही कायम व्हाल. इतकी वर्षं झाली. आपल्या चार बोटांनी धरण होणार नाही आणि थांबणारही नाही. त्यांच्याकडे अशा कितीतरी साईटी आहेत."

"पट्टी मी धरली होती ना जी," तो म्हणाला. "दोनदा धरली. मी नाही लावत अंगठा." आणि उठून दोर गुंडाळायला लागला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता.

मी सही केली.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. तेव्हा माझी पहिली मुलगी झाली होती, आई आजारी होती, हे सगळं खरं आहे. पण ही कारणं मी नंतर जमवली. सही करताना माझ्या मनात फक्त एक होतं, की यादीतून नाव गेलं तर लोक हसतील. साक्षीदाराच्या जागी दुसऱ्या साईटच्या खलाशाचा अंगठा घेतला गेला. तो आमच्या नदीवर कधी आला नव्हता. मी कायम झालो. पुढच्या पावसाळ्यात शालिकरामला बोलावणं आलं नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो कापसाच्या शेतात मजुरीला गेला होता. मी वाट बघितली नाही. परत आलो आणि बरं झालं भेटला नाही असं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

आता ताईचं सांगायचं.

कुसुमताई माझी मोठी बहीण. तिला खाली, कन्हान ओलांडून बऱ्याच लांब, नदीकाठच्या एका गावात दिलं होतं. घरचं शेत काळ्या मातीचं, नदीला लागून. धरणाच्या नोटिसा निघाल्या तेव्हा तिचं गाव बुडणाऱ्या यादीत पहिल्या पानावर होतं. गावात दोन तट पडले. काही जण म्हणत, हटायचं नाही. काही म्हणत, सरकारपुढं चालते का. ताईचे यजमान अबोल, पण ताईचा शब्द बायांमध्ये चालायचा.

ती माझ्याकडे आली, सौंसरला. मी तेव्हा खोली घेऊन तिथं राहायला लागलो होतो. जेवण झालं, मुलीला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "तू पाणी मोजतं ना रे?"

"हो."

"मंग खरं सांग मले. एवढं पाणी येईन का तिथं? गावात एक जण म्हणून राहिला, नदीत आता काही राहिलं नाही, फुकटचं उठवून राहिले आपल्याले. पाणी येणार असन, खाली हजार गावांची शेती भिजणार असन, तर जाऊ आम्ही. कोणाचं तरी भलं होईन. पण पाणीच नसन, तर मी हलत नाही. पोलीस येवो का कोणी येवो."

मी माझ्या बहिणीकडे बघितलं. कागदावर सही होऊन आठ महिने झाले होते. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू लिहून काऊन नाही दिलं?

"येईन ताई," मी म्हटलं. "धरण भरते."

तिनं मान हलवली. मुलीला थोपटत म्हणाली, "तू म्हणतं तर झालं मंग." तिनं गावात जाऊन काय सांगितलं ते मला नंतर कळलं. माझा भाऊ सरकारचं पाणी मोजते, तो म्हणाला येईन. बायांनी ऐकलं. गाव भांडण न करता उठलं. मोर्चा निघाला नाही, कुणी आडवं झालं नाही. दुबे साहेबांनी मला एकदा मुद्दाम सांगितलं की त्या गावाचं काम सगळ्यात सुरळीत झालं.

धरण व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. झाल्यावर ते भरलंही, दोनदा-तीनदा. आमच्याकडे पाऊस कोसळला की खाली दारं उघडावी लागायची आणि आलेलं सगळं दोन दिवसांत समुद्राच्या वाटेला लागायचं. बाकीच्या वर्षी ते निम्म्याच्या वर चढलं नाही. कालवे खणले गेले, त्यांतल्या टोकाच्या कालव्यांत गवत उगवलं. दर दोन-चार वर्षांनी पेपरात यायचं की अपेक्षेपेक्षा आवक कमी झाली. अपेक्षा कुणी ठरवली, हे कधी आलं नाही.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ताईकडे गेलो. नवं गाव माळावर, रस्ते सरळ, झाडं नाहीत, पाण्याला टँकर. ताई घरी नव्हती. सून म्हणाली, "आई खाली गेल्या, टरबुजाले पाणी द्याले." खाली म्हणजे धरणात. पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक अर्ज करून उन्हाळी पिकं घेतात. ताईनं जो तुकडा अर्ज करून घेतला होता तो तिच्याच जुन्या शेताचा होता. मी उतरत गेलो. सत्तरीच्या पुढची माझी बहीण वेलांच्या मधून वाकून डबड्यानं पाणी घालत होती. पाण्याची रेघ लांब, दूर चमकत होती.

ती मला बघून हसली. एक टरबूज ठोकून बघितलं, फोडलं, मला अर्धं दिलं. आम्ही बांधावर बसलो. जो बांध होता तो आता नुसता उंचवटा होता, पण तिला तो नेमका माहीत होता.

मी म्हटलं, "ताई, तू तेव्हा मले विचारलं होतं. पाणी येईन का म्हणून. मले माहीत होतं, नाही येत. मी सही करून बसलो होतो."

ती बिया एका फडक्यावर वेगळ्या काढत होती, पुढच्या सालासाठी.

"शालिकराम म्हणून कोणी होता का तुह्या संगं?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"तो आला होता. मी तुह्याकडं येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनं. कुठून पत्ता काढला काय माहीत, पायी आला होता फाट्यापासून. मले म्हणे, बाई, पाणी नाही येत, मी स्वतः पट्टी धरली आहे, हलू नका." तिनं फडक्याची गाठ मारली. "मी त्याले चहा नाही पाजला. दारातूनच वापस पाठवलं. म्हटलं, माझा भाऊ खोटं नाही बोलत."

मग ती उठली, डबडं घेतलं आणि राहिलेल्या वेलांना पाणी घालायला गेली.